घर दोघांचे, मग कागद एकाचाच का?

सदर : संसार आणि कायदा



आपल्या कोणत्याही घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा दिसतात. शेजारी माता रमाईचाही फोटो असतो. समतेचा विचार आपण भिंतीवर लावला, मुलांना शिकवला, मिरवणुकीत त्याच्या घोषणा दिल्या. पण त्याच घराच्या कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीत जी कागदपत्रांची पिशवी असते, ती उघडून पाहिली तर काय दिसते? सातबारा उतारा पतीच्या नावावर, घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर, सोसायटीचा भाग दाखला पतीच्या नावावर. घरच्या बाईचे नाव शोधायला गेलो तर ते बहुधा रेशनकार्डावर आणि लाइट बिल भरायच्या रांगेत सापडते.

हे घर उभे कसे राहिले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. नवरा गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा महापालिकेच्या सफाई खात्यात राबला, हे खरे. पण त्याच वेळी घरातल्या माउलीने चार घरची धुणी-भांडी केली, भाजीची पाटी डोक्यावर घेतली, विड्या वळल्या, भिशी लावली, बचत गटाचे कर्ज उचलले, अंगावरचा सोन्याचा मणी मोडला. पगार दारूच्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून तीच पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उभी राहिली. घराच्या विटा दोघांच्या घामाने लागल्या. कागदावर मात्र एकाचेच नाव चढले.

‘नावाने काय फरक पडतो? संसार सुखाचा आहे ना?’ असे पुष्कळ जण विचारतात. संसार सुखाचा असतो तोवर खरोखर फरक पडत नाही. फरक पडतो तो नवरा अकाली गेला म्हणजे, त्याने दुसरा घरोबा केला म्हणजे, किंवा व्यसनापायी, उसनवारीपायी घर गहाण पडले म्हणजे. वाचक भगिनींच्या पत्रांतून असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपतो, भन्ते निघून जातात, पाहुणे जेवून उठतात, आणि दीर किंवा पुतण्या एक कागद पुढे करतो : ‘वहिनी, इथे सही करा, नावे लावायची आहेत.’ रडून रडून डोळे सुजलेली ती बाई सही करते. दोन महिन्यांनी तिला समजते की तो कागद हक्कसोडपत्राचा होता.

म्हणून आजच्या लेखात पती-पत्नीची संयुक्त मालकी आणि पती-पत्नीमधील मालमत्तेचे हस्तांतरण हा विषय आम्ही घेतला आहे. विषय कायद्याचा असला तरी आपल्या रोजच्या भाषेत समजून घेऊ.

बाबासाहेबांनी लढून मिळवलेला हक्क

पहिला प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो : ‘आम्ही बौद्ध आहोत, मग वारसा हक्काला आम्हाला कोणता कायदा लागू?’ उत्तर असे की, हिंदू वारसा कायदा, १९५६ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, असे त्या कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिले आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र कायदा असावा ही आपल्या समाजाची मागणी आहे आणि ती मांडत राहिलेच पाहिजे. पण आज न्यायालयात जावे लागले तर याच कायद्याने निकाल होतो, म्हणून तो माहीत असणे आवश्यक आहे.

कायद्याचे नाव आपल्याला बोचते. परंतु त्याच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. पूर्वी विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत १९३७ च्या कायद्याने जो हक्क मिळाला होता तो मर्यादित होता. तिने ती मिळकत हयातीत उपभोगायची. एरवी ती मनाप्रमाणे विकण्याचा किंवा कोणाला देण्याचा अधिकार तिला नव्हता. कायदेमंत्री असताना बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात स्त्रीची संपूर्ण मालकी आणि मुलीचा वाटा या तरतुदी मांडल्या. सनातन्यांनी बिल अडवले. ते रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोड बिल हे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. त्यांतल्या वारसा कायद्याचे कलम १४ सांगते की स्त्रीच्या ताब्यातील तिची मिळकत, मग ती वारशाने, वाटणीने, बक्षिसाने, खरेदीने किंवा स्वतःच्या कमाईने मिळालेली असो, तिची संपूर्ण मालकीची असते. ती ठेवावी, विकावी, कोणाला द्यावी, हे ठरवणारी तीच. मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि केंद्राने ती २००५ साली संपूर्ण देशासाठी केली.

ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क आपल्या घरातल्या स्त्रीला मिळाला की नाही, हे आपण कधी तपासले काय? १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत ते म्हणाले होते की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्या मापाने आपापल्या घरचा सातबारा मोजून पाहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चार गैरसमज

पहिला गैरसमज : ‘लग्न झाले म्हणजे नवऱ्याचे अर्धे घर बायकोचे.’ असा कायदा महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. आपल्याकडे तसे नाही. ज्याच्या नावावर मिळकत, तो मालक. घटस्फोट झाला तर पोटगी मागता येते, पण अर्धे घर आपोआप मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ‘सामाईक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. हा मोठा आधार आहे. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी.

दुसरा गैरसमज : ‘सोसायटीत नॉमिनी म्हणून बायकोचे नाव दिले आहे, आता काळजी नाही.’ नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. सोसायटीने कोणाशी व्यवहार करावा याची ती सोय आहे. नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही. मृताचे सर्व वारस आपापला वाटा मागू शकतात. नॉमिनीचा अर्ज भरावा जरूर, पण त्यावर विसंबू नये.

तिसरा गैरसमज : ‘दोघांच्या नावे घर असले की एक गेल्यावर सगळे दुसऱ्याचे.’ हेही खरे नाही. करारनाम्यात वेगळे काही लिहिलेले नसेल तर दोघांचे वेगवेगळे हिस्से असतात. पतीच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांत वाटला जातो. पत्नीचा हिस्सा मात्र तिचाच राहतो, त्याला कोणी हात लावू शकत नाही. संयुक्त नावाचा मोठा फायदा तो हाच.

चौथा गैरसमज : ‘बँकेच्या कर्जावर माझी सही आहे, म्हणजे घर माझेही आहे.’ कर्जाच्या कागदावर सहअर्जदार म्हणून सही केली तर हप्ते फेडण्याची जबाबदारी आपल्यावर येते. परंतु खरेदीच्या करारनाम्यात नाव नसेल तर मालकी येत नाही. कर्जात बायको आणि मालकीत एकटा नवरा, असे अनेक घरांत झाले आहे. नवे घर घेताना करारनाम्याचे पहिले पान उघडून ‘खरेदी घेणार’ या शब्दांपुढे कोणाची नावे आहेत, ते आधी वाचावे.

एका रुपयाचा हिशेब

हे सारे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कामगाराने स्वतःच्या कमाईतून खोली घेतली. घरात त्याची म्हातारी आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. मृत्युपत्र न करता तो वारला. कायद्याने आई, पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि प्रत्येकाला समान वाटा आहे. वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत, आणि भाऊ तर नाहीतच.

खोली एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर रुपयाचे पाच भाग होतील. पत्नीच्या वाट्याला वीस पैसे येतील.

तीच खोली दोघांच्या नावावर निम्मी-निम्मी असेल, तर पन्नास पैसे आधीच पत्नीचे आहेत. उरलेल्या पन्नास पैशांचे पाच भाग होतील, प्रत्येकी दहा पैसे. म्हणजे पत्नीकडे पन्नास आणि दहा मिळून साठ पैसे झाले.

वीस पैशांची धनीण आणि साठ पैशांची धनीण यांत किती अंतर आहे, हे ज्या विधवेला मुलाच्या आणि सुनेच्या दारात उभे राहावे लागले तिला विचारा. शिवाय यात आईचाही वाटा सुरक्षित आहे आणि मुलीचाही. कोणाचे काही हिरावून घेतले गेले नाही.

आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र करून ठेवले तर उरलेला प्रश्नही सुटतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. पत्नीनेही आपले मृत्युपत्र करावे. कारण स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला पती वा मुले-नातवंडे कोणी नसतील, तर तिच्या कमाईची मिळकतसुद्धा आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आईवडिलांनी दिलेल्या वारशाला वेगळा नियम आहे. पण स्वतः कमावलेल्याला नाही.

नाव लावायचे कसे?

नवे घर घेत असाल तर काम सोपे आहे. सुरुवातीलाच करारनामा दोघांच्या नावे करावा. कोणाचा किती हिस्सा, हे त्यातच लिहावे. लिहिले नाही तर पैसे ज्याने ज्या प्रमाणात भरले त्या प्रमाणात हिस्से धरले जातात, आणि पुरावाच नसेल तर समान धरले जातात. म्हणून पत्नीने दिलेले पैसे, भिशीचे असोत की माहेरचे, शक्यतो तिच्या बँक खात्यातून द्यावेत. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका प्रकरणात गृहिणीचे घरकाम हाही मिळकत जमवण्यातला वाटा आहे असे मान्य करून तिला समान हिस्सा दिला. हा निकाल स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक बाईने कोर्टात जाऊन आपले कष्ट सिद्ध करायचे का? त्यापेक्षा पहिल्याच दिवशी नाव लिहिणे स्वस्त पडते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहते घर फक्त स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्यात आली. पतीचे नाव सोबत असेल तर ही सवलत मिळत नाही. कोणते सोयीचे, ते दोघांनी बसून ठरवावे.

घर आधीच पतीच्या नावावर असेल, तर बक्षीसपत्र करावे लागते. पूर्ण घर किंवा घरातला निम्मा हिस्सा पत्नीला बक्षीस देता येतो. त्यासाठी बक्षीसपत्र लेखी हवे, देणाऱ्याची सही हवी, दोन साक्षीदार हवेत, घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेले हवे, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची नोंदणी झालेली हवी. नोंदणीशिवाय बक्षीसपत्राला काडीचीही किंमत नाही. कोर्टाबाहेर टंकलेखकाकडून स्टँप पेपरवर लिहून घेतले आणि नोटरीचा शिक्का मारला, एवढ्याने घर बायकोचे होत नाही.

खर्चाची धास्ती बाळगू नये. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. ही सवलत २०१५ साली आली. त्याखेरीज स्थानिक संस्थेचा अधिभार, नोंदणी फी आणि दस्त लिहिण्याचा खर्च काय येतो, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि मगच दलालाच्या हाती पैसे द्यावेत. दुकानाच्या गाळ्याला ही २०० रुपयांची सवलत नाही.

पती-पत्नीमधील बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही. मात्र पतीने दिलेली खोली पत्नीने भाड्याने दिली, तर ते भाडे आयकराच्या हिशेबात पतीचेच उत्पन्न धरले जाते.

बक्षीसपत्राची नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. गावात फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव चढवून घ्यावे. शहरात मालमत्ता पत्रक, घरपट्टी आणि सोसायटीचा भाग दाखला यांवर नाव लावून घ्यावे. उलट, नुसत्या फेरफाराने किंवा घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. दस्त हे मूळ, नोंद ही त्याची सावली. दोन्ही पाहिजेत.

शेतजमिनीबाबत आणखी एक वाट आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेऊन शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. पुढे १९९२ साली शासनानेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. याची चौकशी तलाठी कार्यालयात करावी.

वतनाची जमीन, झोपडी आणि घरकुल

आपल्या समाजाच्या मिळकतींना काही खास अडचणी आहेत.

पहिली महारवतनाच्या जमिनीची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी पुन्हा वतनदारांना मिळाल्या, त्या बहुतेक ठिकाणी नव्या अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल तर ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, वाटता येत नाही आणि बक्षीसही देता येत नाही. परवानगीविना केलेले व्यवहार अंगलट आले आहेत. दुसरे म्हणजे या जमिनी बहुतांशी आजोबा-पणजोबांच्या नावावर किंवा घरातल्या एकाच कर्त्या पुरुषाच्या नावावर पडून आहेत. अशी एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर त्यातला न वाटलेला हिस्सा पत्नीला बक्षीस देता येत नाही. आधी वारसांच्या नोंदी आणि रीतसर वाटणी करून घ्यावी लागते. मृत्युपत्राने मात्र आपला हिस्सा देता येतो. वारस नोंदीत मुलींची नावे गाळण्याचा प्रघात अजून गेलेला नाही. तो आपल्या घरातून तरी गेला पाहिजे.

दुसरी अडचण झोपडीची. पुष्कळ खोल्या कुलमुखत्यारपत्रावर आणि नोटरीच्या कागदावर विकल्या गेल्या. अशा कागदांनी मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मात्र एक चांगली तरतूद आहे : विकासकाने करारनामा झोपडीधारकाशी त्याच्या पती वा पत्नीसह संयुक्तपणे करावा आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावरही दोघांची नावे असावीत, असे नियमावलीच सांगते. तेव्हा करारनाम्यावर सही करताना ‘तुमची गरज नाही, साहेबांची सही पुरे’ असे कोणी म्हणाले तर भगिनींनी मुळीच ऐकू नये. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळींचे, वस्त्यांचे असे पुनर्विकास ठिकठिकाणी चालू आहेत. जुनी भाडेपावती जाऊन मालकीचा कागद हाती येतो, तो क्षण दुसरे नाव लिहून घेण्याचा आहे. तो चुकला तर पुढे स्वतंत्र दस्त करावा लागतो.

तिसरी गोष्ट घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजनेत घर पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्याचे धोरण आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेतून घर मिळवताना दोघांच्या नावांचा आग्रह धरावा. ज्या योजनेला माता रमाईचे नाव आहे, त्या घराच्या कागदावर घरच्या रमाईचे नाव नसावे, हे आपल्याला शोभत नाही. भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनाही आपल्यासाठीच आहे आणि तिच्यात विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

सही करण्यापूर्वी

काही पथ्ये पतीने आणि पत्नीने, दोघांनीही पाळावीत.

बक्षीसपत्र एकदा नोंदले की पुढे भांडण झाले म्हणून ते परत घेता येत नाही. म्हणून रागाच्या किंवा दारूच्या भरात, कोणाच्या दबावाखाली असा दस्त करू नये. पतीने सगळेच्या सगळे पत्नीला देऊन स्वतः उघड्यावर पडावे, असेही आमचे म्हणणे नाही. निम्मे-निम्मे हा बहुतेक संसारांना मानवणारा हिशेब आहे.

घर कर्जात गहाण असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्यावी. सावकाराला किंवा देणेकऱ्याला चुकवण्यासाठी घर बायकोच्या नावावर करू नये. असा व्यवहार देणेकरी कोर्टातून रद्द करून घेऊ शकतो.

घर दोघांच्या नावे असले तरी एक जण आपल्या हिश्शापुरता व्यवहार करू शकतो. पूर्ण घर मात्र दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. म्हणून भगिनींनी कोऱ्या कागदावर, कुलमुखत्यारपत्रावर किंवा हक्कसोडपत्रावर वाचल्याशिवाय सही वा अंगठा करू नये. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावे. दुःखाच्या घरात आलेला कागद ‘महिनाभराने बघू’ म्हणून बाजूला ठेवावा. नावे लावायला उशीर झाला तर हक्क बुडत नाही. सही गेली तर मात्र तो परत मिळवायला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

घरातल्या शंका

‘बायकोच्या नावावर केले तर ती डोईजड होईल’, असे काही बांधव बोलून दाखवतात. ज्या बाईने तुमच्या आजारपणात रात्री जागून काढल्या, मुलांच्या फीसाठी स्वतःचे पातळ घ्यायचे टाळले, ती निम्म्या खोलीची मालकीण झाल्याने बदलेल काय? आणि जिथे संसारच मोडकळीला आला आहे, तिथे तर तिला आणि लेकरांना छपराची गरज अधिक.

‘भाऊ काय म्हणतील?’ स्वतःच्या कमाईच्या घराबाबत भावांना म्हणण्यासारखे काही नाही.

‘आम्हाला कुठे जायचंय इतक्यात?’ असे म्हणणारे कर्ते पुरुष टाळेबंदीच्या आणि करोनाच्या २०२०-२१ सालांत आठवड्याभरात गेले. त्यांच्या मागे कागद जसे होते तसेच राहिले.

भगवान बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशात पतीची पत्नीविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिला मान देणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरचा अधिकार तिच्या हाती सोपवणे आणि तिला दागदागिने देणे. यातले चौथे कर्तव्य आपण ‘चाव्या तिच्याकडेच असतात’ एवढ्यावर भागवतो. ज्या कपाटाच्या चाव्या तिच्याकडे आहेत, त्यातल्या कागदावर तिचे नाव नसेल तर अधिकार सोपवला असे कसे म्हणता येईल?

आमची एक सूचना आहे. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, सारी कुटुंबे जमतात. अशीच एक संध्याकाळ महिला मंडळाने कागदांसाठी राखून ठेवावी. प्रत्येकाने सातबारा, घरपट्टी, करारनामा, भाग दाखला यांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात. समाजातल्या एखाद्या वकील बंधूला किंवा भगिनीला बोलवावे, कारण प्रत्येक मिळकतीची गोष्ट निराळी असते आणि दस्त करण्यापूर्वी जाणकाराने मूळ कागद पाहिलेला बरा. पैशाची अडचण असेल तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तेथे मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे.

त्या संध्याकाळी ज्या ज्या घरचा कागद एकाच नावाचा निघेल, त्या घरच्या दोघांनी पुढच्या पौर्णिमेपर्यंत दुय्यम निबंधक कार्यालयाची एक फेरी मारावी. पहिल्या फेरीत फक्त चौकशी करावी, दुसरीत दस्त करावा. फेरफार झाल्यावर नवा उतारा घरी आणून लेकी-सुनांना मोठ्याने वाचून दाखवावा.

जयभीम! नमो बुद्धाय!